ढाण्याची शिदोरी

आमच्या आत्याला एका जागी बसवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. चहा पिते ती उभ्यानं. भाजी निवडायला घेतली की निम्मी निवडते आणि उठून गोठ्याकडं जाते. गेल्या पावसाळ्यापासून तर तिनं हद्दच केलीय. सकाळी अंगण झाडते, दहाला परत झाडते, आणि दुपारी मी जरा पाठ टेकली की पुन्हा खराट्याचा आवाज सुरू. एकदा मी चिडून म्हटलं, "आत्या, अंगणाला भोक पडंल आता."

"पडू दे की. तुज्या बापाचं काय जातंय?"

माझा बाप म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. सिंधुबाई माझी सख्खी आत्या, आणि तिच्याच यशराजला मला दिली, त्यामुळं ती सासू झाली तरी माझ्या तोंडात आत्याच राहिली. तिचं आणि माझं माहेर एकच, कन्हेरी. सासरही एकच, निमगाव केतकी. भांडायला माणूस बदलायची सोयच ठेवली नाही देवानं.

आम्ही धनगर. आता चार एकर डाळिंब आहे, कडंला दोडका आहे, मी घरात शिलाई मशीन चालवते. पण आत्याचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे हो. मोकळ्या रानात जाळी लावून मेंढरं बसवायची आणि बाजूला तीन दगडांची चूल मांडायची, तो वाडा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून मावळतीकडं निघायचं ते पाऊस लागताना परतायचं. लग्नानंतरही तीस वर्षं ती आणि माझे सासरे, बिरदेव मामा, असंच चालले. बारा वर्षांमागं मेंढरं विकली. त्या दिवशी मामा रडले, आत्या रडली नाही. ती म्हणाली, "कुत्री इकायची न्हाय." त्या वाड्यावरच्या कुत्र्यांच्या वंशातला शेवटचा म्हणजे आमचा ढाण्या.

कुत्र्याच्या बाबतीत आत्याचे दोन कायदे. पहिला, चुलीवरची पहिली भाकरी कुत्र्याची. देवाचा नैवेद्यसुद्धा त्याच्यानंतर. रात्रभर जागून ज्यानं मेंढरं राखली त्याला उपाशी ठेवून आपण खायचं, याला ती पाप म्हणते. दुसरा कायदा जरा कडक होता. ताटात पडलं ते कुत्र्यानं खायचं. नाक मुरडलं तर दुसरं काही द्यायचं नाही, संध्याकाळी तेच ताट पुढं, सकाळी परत तेच.

नवी नवरी असताना मला हे फार निर्दयी वाटलं होतं. तेव्हा तिनं समजावलं होतं. "नखऱ्याचं कुत्रं वाड्याच्या कामाचं न्हाय, सुकन्ये. आज भाकरीला नाक मुरडतंय, उद्या चोरानं मटणाचा तुकडा फेकला की त्याच्या मागनं जातंय. मेंढरं गेली, कुत्रंबी गेलं. मालकाच्या हातचं निमूट खाल्लं तरच ते जगतंय." मेंढरं तिनं राखलेली, मी फक्त ब्लाउज शिवलेले.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. ढाण्या नऊ वर्षांचा झाला, दाढा झिजल्या. भाकरी चघळत बसायचा, निम्मी सांडायचा. मी मशीनचा पट्टा आणायला बारामतीला गेले होते, तिथं एका दुकानात कुत्र्याच्या खाण्याची पोती लावलेली. बारीक तपकिरी गोळ्या, कोमट पाण्यात भिजवल्या की मऊ होतात. वर पाटी, एका पोत्यावर झाकणाची बादली फुकट. खरं सांगू? मी ते कुत्र्यासाठी घेतलंच नाही, बादलीसाठी घेतलं. निळी बादली. अजून न्हाणीघरात आहे मेली, फुटतपण नाही.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. आमच्या वकीलबाईंनी बजावलंय, आणि माझ्या तोंडावर माझाच भरवसा नाही, म्हणून लांबनंच जाते.

पहिलं पोतं ढाण्यानं मिटक्या मारत संपवलं. अंगावर तकाकी आली. आत्या त्याला चिडवायची, "म्हातारपणी नवरदेव झालाय भाड्या." मग मी दुसरं पोतं आणलं. त्याची शिवण उसवली, गोळ्या भिजवल्या, जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात घालून आत्याच्या हातात दिल्या. ढाण्यानं ताट हुंगलं. एकदा आत्याकडं बघितलं, मागं सरला आणि लिंबाखाली जाऊन बसला.

"बघ, चढलं डोक्यावर," आत्या म्हणाली.

संध्याकाळी तेच ताट. तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला राहवेना, मी पदराखालून भाकरीचा चतकोर नेला, तर आत्यानं माझं मनगटच धरलं. "लाडावून ठिवू नगस त्याला. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. खाईल बराबर."

आणि तिसऱ्या सकाळी त्यानं खाल्लं. आत्या ताटाशी उभी होती. तो आला, तिच्या पायाला नाक लावलं आणि खाली मान घालून सगळं संपवलं. ताट चाटूनपुसून साफ केलं. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी परीक्षेत नापास आणि ती पास. पुढंही तो रोज खात राहिला, पण आधी हुंगायचा, थांबायचा, तिच्याकडं बघायचा आणि मग खायचा.

आठ दिवसांनी ओकाऱ्या सुरू झाल्या. डोळे पिवळे, हिरड्या पिवळ्या. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, लिंबाच्या फांदीला सलाईनची बाटली टांगली. म्हणाले, "लिव्हर चाललंय याचं. काही विषारी पोटात गेलंय का?" आमच्या यशराजनं आदल्याच आठवड्यात डाळिंबावर फवारणी केलेली. आत्या त्याच्यावरच घसरली. "औषिदाचा ड्रम उघडा टाकलास, मुडद्या! तूच मारलास त्याला!" यशराज शपथा घेऊन सांगत होता की ड्रम खोलीत होता, खोलीला कुलूप होतं. पण आई बोलायला लागली की आमच्यात ऐकून घ्यायची पद्धत आहे, उत्तर द्यायची नाही.

ढाण्या गुरुवारी गेला. आत्याच्या मांडीवर.

राखणीचं कुत्रं आमच्यात फेकून देत नाहीत, पुरतात. बांधावर खड्डा घेतला. तोंड मावळतीला केलं, कारण वाडा मावळतीला जातो. अंगाखाली घोंगडीचा तुकडा, बाजूला त्याचं ताट, आणि वाटेची शिदोरी. शिदोरी म्हणजे दोन भाकऱ्या असतात. पण आत्या म्हणाली, शेवटी त्याला भाकरी चावत नव्हती, त्याचं खाणं त्याच्यासंगं द्या. म्हणून ते अर्धं उरलेलं पोतं तोंड बांधून त्याच्या उशाला ठेवलं. यशराज हळूच म्हणाला, "आई, अर्धं पोतं हाय, कुणाच्या तरी कुत्र्याला घालू."

"त्याच्या तोंडचं दुसऱ्याला न्हाय." झालं. वर माती ओढली.

त्यानंतर तीनएक आठवड्यांनी मी मशीनवर बसले होते. बारामतीच्या दिपालीचा मेसेज आला. ती माझी जुनी गिऱ्हाईक, औषधाच्या दुकानात कामाला. तिच्याकडं लॅब्रॅडोर होती, मोना. ब्लाउजचं माप द्यायला यायची तेव्हा मोनाचे फोटो दाखवल्याशिवाय बाईचा हात वर होत नसे. तिनं लिहिलं होतं, "माझी मोना गेली. कावीळ झाली होती. आमच्या भागातलं हे चौथं कुत्रं. चौघांचं खाणं एकच." आणि खाली पोत्याचा फोटो. तेच पोतं. तीच निळी बादली.

आत्याला सांगू का नको, सांगू का नको, असा तासभर घातला. मग गेले. ती दोडक्याच्या वेलाशी उभी होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं कंपनीला शिव्या घालेल, मला घालेल, त्याची तयारी ठेवूनच गेले होते. ती एवढंच म्हणाली,

"म्हंजी त्याला कळलं व्हतं."

तेव्हापासून ही बाई बसलेली नाही.

त्या रात्री जेवताना तिनं यशराजच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. ड्रमावरनं बोललेलं तिनं असं मागं घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "दिपालीला फोन लाव. त्या कंपनीच्या मान्साला म्होरं बोलवा. मला त्याच्याकडनं दुसरं काय नगं. नासकं खाणं दिलं, एवढं त्यानं तोंडानं म्हणावं आन् कागदावर लिवून द्यावं. त्याचं त्यानं पदरात घ्यावं. माझं मी बघीन."

"तुमचं काय आलंय त्यात?" मी म्हटलं. ती खराटा घेऊन बाहेर गेली.

दिपालीनं आणि पिंपळीच्या दिग्विजयनं मिळून माणसं गोळा केली होती. या दिग्विजयचा रॉटवायलर गेला होता, गळ्यात पट्ट्याएवढी जाड सोन्याची चेन घालणारा माणूस, पण कुत्र्याचं नाव काढलं की डोळे पुसायचा. एकूण अकरा जण झालो. कंपनीच्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी अकराही जणांना एकच सांगायची, "पोत्यावरचा लॉट नंबर सांगा. लॉट नंबरशिवाय तक्रार नोंदवता येत नाही." आणि नंबर कुणाकडंच नव्हता. दिपालीनं पोतं घंटागाडीत टाकलेलं. दिग्विजयनं गोळ्या पिंपात ओतून पोतं जाळलेलं. कुणी त्यात भुसा भरलेला, धुऊन, घासून, अक्षरं गेलेली.

"ताई, तुमचं पोतं?" दिपालीनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं, "पण जमिनीत आहे."

घरात हा विषय काढला आणि मामा कधी नव्हे ते कडाडले. "मातीला दिल्यालं मागं घेत्यात व्हय? मुडदा उकरायचा? बिरुबा बघतोय म्हणावं वरनं!" ते ताटावरनं उठले. आत्या दोन दिवस नुसती घर ते बांध, बांध ते घर. जायची, उभी राहायची, परत यायची. मला तिच्या चपलांच्या आवाजानं वेड लागायची पाळी आली. मी यशराजला म्हटलं, ही आता एक तर उकरंल नाहीतर आजारी पडंल.

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आली आणि तिनं कुदळ घेतली. यशराज आडवा गेला, "आई, आण हिकडं, मी खांदतो."

"म्या पुरलाय, म्याच काढीन. तू डाक्टरला बोलीव. पुन्यांदा कुणी म्हणाय नगं, घरात बसून लिवलं म्हणून."

डॉक्टर आले. पंचनाम्याला शेजारचे दोघं आले. मामा आले नाहीत, ओट्यावर पाठ करून बसले. आत्यानं उशाकडनंच माती काढली, हातानं, वरचा थर गेल्यावर कुदळ बाजूला टाकली. वास आला. आम्ही सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. तिनं लावला नाही. घोंगडीचा काठ दिसला तशी थांबली, तो काठ नीट झाकला आणि मग पोतं ओढलं. प्लास्टिकचं पोतं, त्याला काय होतंय? माती झटकली, खालच्या शिवणीपाशी काळ्या शाईत नंबर जसाच्या तसा. यशराजनं मोठ्यानं वाचला, डॉक्टरांनी फोटो काढले, कागद केला. आतल्या गोळ्यांवर हिरवी बुरशी चढलेली होती. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांचा उपयोग नाही. जमिनीत बुरशी धरली असं कंपनी म्हणणार. नंबर मात्र कामाचा."

आत्यानं पदराच्या गाठीतनं दोन भाकऱ्या काढल्या. कधी केल्या होत्या देव जाणे. पोत्याच्या जागी त्या ठेवल्या आणि म्हणाली, "ही घे खरी शिदोरी. त्या दिशी चुकलं माजं." मग माती ओढायला लागली. मी तिच्याजवळ गेले आणि माती ओढू लागले. मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही, मेंढरं विकली तेव्हासारखीच.

नंबर मिळाल्यावर दिग्विजयनं तीन दिवस मोटारसायकलवर दुकानं पालथी घातली आणि इंदापूरच्या एका दुकानात त्याच नंबरचं, शिवण न उसवलेलं पोतं त्याला सापडलं. पावती करून घेतलं, दुकानदाराची सही घेतली. मग कंपनी हलली. साहेब येतो म्हणाले.

बारामतीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक ठेवली. जाताना गाडीत यशराजनं आत्याला समजावलं. "आई, माझं जरा ऐक. तू त्याला खायला लावलंस हे तितं काढू नगं. उलटं आपल्याच गळ्यात घालत्याल ते." आत्या खिडकीतनं बाहेर बघत राहिली. मीपण यशराजच्याच बाजूची होते, खोटं कशाला सांगू.

साहेब चांगला होता हो दिसायला. पांढरा शर्ट, गोड बोलणं, प्रत्येकाला नमस्कार. टेबलावर ते शिवणबंद पोतं ठेवलेलं. दिपालीचं म्हणणं एवढंच, हे पोतं दोन्ही बाजूंच्या सहीनं सील करून प्रयोगशाळेत पाठवा. साहेब हसून म्हणाला, "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तपासणीला काही आधार लागतो ना? मी एक साधी गोष्ट विचारतो. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा किती तरी तिखट असतं. खाणं खराब असतं तर कुत्र्यानं तोंड तरी लावलं असतं का? तुमच्या सगळ्यांच्या तक्रारीत लिहिलंय, रोज खात होता. मग?"

मी बघितलं, दिपाली पर्सचा पट्टा पिळतेय. दिग्विजय मान खाली घालून चेनशी खेळतोय. मला तेव्हा कळलं नाही हे सगळे का गप्प झाले.

आत्या उभी राहिली. यशराजनं तिचा पदर धरला, तिनं सोडवून घेतला.

"न्हाय लावलं तोंड," ती म्हणाली.

"काय म्हणालात आजी?"

"माज्या कुत्र्यानं तोंड न्हाय लावलं. दोन दिस उपाशी बसला. मला सांगत व्हता तो, म्या ऐकलं न्हाय. तेच ताट म्होरं ठिवलं. तिसऱ्या दिशी माझ्यासाठी खाल्लं त्यानं. पुढंबी रोज माझ्या तोंडाकडं बघून खाल्लं. ठाव असून खाल्लं. म्या खायला लावलं."

साहेबाचा चेहरा उजळला. मी डोळ्यांनी बघितलं. शेजारच्या पोराला हळूच म्हणाला, "हे लिहून घ्या," आणि आत्याला म्हणाला, "म्हणजे आजी, तुम्हीच कबूल करताय की नको असताना तुम्ही जबरदस्तीनं..."

"व्हय. करती की कबूल. लिवा. सिंधुबाईचा दोष हाय, असं मोट्या अक्षरात लिवा, म्या अंगठा न्हाय, सही करती. पर त्याच्या खाली दुसरी वळ लिवा. कुत्र्यानं नाकारलं. पयलं पोतं चाटून खाणाऱ्या कुत्र्यानं दुसरं हुंगून सोडलं. ती वळ लिवल्याबिगर मी हितनं हलत न्हाय." आणि खरंच, हातातली पिशवी टेबलावर आपटून ती त्या पोत्याला धरून उभी राहिली.

मग दिपाली उठली. म्हणाली, "मोनानंपण नाही खाल्लं. मी वरनं चिकनचा रस्सा घातला. मग हातानं भरवलं. एक एक घास." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दिग्विजय बसल्या जागेवरनंच बोलला, "मी अंडी फोडून कालवली. पोरगं म्हणत होतं, बाबा, त्याला नकोय. मी म्हटलं, एवढं भारी आणलंय, खाईल." मागनं एक म्हातारा म्हणाला, दूध घातलं. एकीनं तूप घातलेलं. अकरापैकी नऊ जणांनी असंच काही ना काही सांगितलं. महिनाभर आम्ही एकमेकांना फोन करत होतो, एकत्र चहा पीत होतो, आणि हे एकालाही दुसऱ्याला सांगवलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आपणच तेवढे पापी.

साहेबानं फाइल मिटली. लिहून घेणाऱ्या पोराचा हात थांबला होता, त्याला दिग्विजय म्हणाला, "लिव की आता. सगळ्यांचं लिव." अर्ध्या तासात पोत्यावर दोघांच्या सह्यांचं सील बसलं.

कंपनीचं पत्र दीड महिन्यानं आलं. मी आत्याला वाचून दाखवलं. सदर लॉटमध्ये बुरशीच्या विषाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला, सर्व माल बाजारातून माघारी घेण्यात येत आहे, ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. मी उड्याच मारत होते. यशराजनं पेढे आणले. मामांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, म्हणाले, "उकरलं ते बरं केलं." मामांच्या तोंडनं एवढं म्हणजे फार झालं.

आत्या म्हणाली, "गैरसोय म्हंजी?"

"अडचण झाली, त्याबद्दल."

"ढाण्या मेला ती अडचण व्हय? परत वाच. त्याचं नाव कुठं हाय का?"

नव्हतं. कुणाचंच नव्हतं. म्हणून आता पुण्याला ग्राहक आयोगात आमचा अकरा जणांचा अर्ज आहे, मरण पावलेल्या जनावरांची नावं घालून लेखी माफी मागा म्हणून. तारखा पडतात. तारखेला आत्या पहाटेच्या गाडीनं जाते, वकीलबाईंच्या मागं उभी राहते. बाकं असतात तिथं, पण ही बसेल तर ना.

मी एकदा तिला म्हटलं, "आता तरी बसा, आत्या. खाणंच नासकं होतं हे लिहून आलं की."

"त्यांचं आलं," ती म्हणाली. "माझं कुटं आलंय?" मी तिच्या हातातला खराटा काढून घेतला आणि बाकीचं अंगण मीच झाडलं.

पौषात कन्हेरीहून आमच्या भावकीतले म्हस्कूतात्या पिलू घेऊन आले. त्यांच्याकडं अजून वीसेक मेंढरं आहेत, त्यांच्याच वाड्यावरच्या कुत्रीचं पिलू. आत्यानं आधी हातच लावला नाही. मग दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी मोडून ताटात घातली. नवं ताट, जर्मलचंच. असे चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पिलानं भाकरी हुंगली आणि मागं सरलं.

माझा हात तव्यावरच थांबला. मामा ओट्यावरनं बघत होते. आत्या ताटाकडं बघत उभी. मला वाटलं, आता हिचा जुना कायदा निघतोय, संध्याकाळी तेच ताट पुढं येतंय.

ती वाकली. ताटातली तीच भाकरी उचलली, एक तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला.

"पीठ कडू झालंय गं," ती म्हणाली. "दुसऱ्या डब्यातलं घे."

मी दुसऱ्या पिठाची भाकरी टाकली. त्यातलाही पहिला घास तिनं खाल्ला आणि मग ताट पुढं सरकवलं. तेव्हापासून रोज हेच चाललंय. पिलू आधी तिच्या तोंडाकडं बघतं, ती चावून गिळते, मग ते खातं. आणि त्याचं खाऊन होईपर्यंत आत्या त्या ताटाशी मांडी घालून बसलेली असते.